वाचकांचे प्रश्न : कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते : फोटोत डाग दिसतात आणि लेन्स कितीही पुसली तरी ते जात नाहीत. यंदा अशी पत्रे इतकी आली की या वेळची पाने त्याच एका विषयाला देत आहोत. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी शहादा तालुक्यात शिक्षक असून हौसेखातर पक्ष्यांचे फोटो काढतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी दोनदा लेन्स बदलली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाच्या प्रत्येक फोटोत त्याच त्या जागी पाच-सहा करडे, गोल डाग उमटतात. नवल असे, की त्याच आठवड्यात तोरणमाळच्या बाजूला मोठ्या टेलिफोटो लेन्सने काढलेल्या रानपिंगळ्याच्या फोटोंत एकही डाग नाही. सेन्सर बिघडला असेल का? (एक शिक्षक, शहादा तालुका)

उत्तर : सेन्सर, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश टिपून फोटो उमटवणारा भाग, बिघडलेला नाही, त्याच्यावर यात्रेतली धूळ बसली आहे; आणि काटेकोरपणे बोलायचे तर ती सेन्सरवरही नाही. प्रत्यक्ष सेन्सरच्या पुढे काचेचा एक पातळ थर बसवलेला असतो, जो अवरक्त किरण अडवतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत बारीक पोतामुळे उमटणाऱ्या खोट्या नक्षीलाही आवर घालतो. धूळ बसते ती या काचेवर, आणि आपण साफ करतो तीही हीच काच. ‘सेन्सरला हात लावायचा’ या कल्पनेने ज्यांना धडकी भरते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. मात्र या काचेवर नाजूक लेप असतो आणि तिच्यावर ओरखडा पडला तर ती बदलण्याचा खर्च जिवावर येणारा असतो, हेही तितकेच खरे.

आता रानपिंगळ्याचे कोडे. १९९७ साली आपल्याच शहादा परिसरात हा पक्षी शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा सापडला. सातपुड्याच्या झाडीतल्या अपुऱ्या उजेडात त्याचा फोटो घेताना आपण अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, सताड उघडे ठेवले असणार, म्हणजे एफ/५.६ किंवा एफ/६.३ (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). यात्रेत मात्र घोड्यांच्या रांगा आणि मागचे तापीचे पात्र असे सारेच स्पष्ट यावे म्हणून आपण एफ/१६ पर्यंत गेला असाल. फरक एवढाच आहे. सेन्सरच्या एकेका ठिपक्यावर लेन्समधून येणारा प्रकाश शंकूसारखा येतो. धुळीचा कण सेन्सरपासून ढोबळमानाने २ मिलिमीटर पुढे आहे असे धरले, तर एफ/२.८ ला त्या जागी शंकूची रुंदी सुमारे ०.७ मिलिमीटर असते आणि एफ/१६ ला ती जेमतेम ०.१२५ मिलिमीटर उरते. ०.०५ मिलिमीटरचा कण पहिल्या वेळी अर्धा टक्का प्रकाश अडवतो, तो डोळ्यांना कळत नाही. दुसऱ्या वेळी तोच कण १६ टक्के प्रकाश अडवतो आणि करडा डाग होऊन बसतो. म्हणजे धूळ तेव्हाही होती, दिसत नव्हती इतकेच.

साफसफाईला हात घालण्यापूर्वी एक चाचणीचा फोटो काढावा. आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनक्षमता) १००, अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ आणि फोकस मुद्दाम बिघडवलेला, अशा स्थितीत निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या कागदाचा फोटो, शटर उघडे असताना कॅमेरा किंचित हलवत घ्यावा. हलवल्याने कागदाचा पोत पुसला जातो, पण सेन्सरवरचा कण सेन्सरसोबतच हलत असल्यामुळे त्याचा डाग जागेवर ठाम राहतो. संगणकावर या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला की डाग मोजता येतात. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते, त्यामुळे जागा शोधताना घोळ होतो. कॅमेरा सरळ धरून समोरून, म्हणजे लेन्स बसते त्या बाजूने पाहिले, तर फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात असलेला डाग सेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सापडतो. वर-खाली उलटते, डावे-उजवे तसेच राहते.

यानंतरचा पहिला उपाय कॅमेऱ्यातच आहे. २००३ साली ऑलिंपसच्या ई-१ या कॅमेऱ्यात पुढची काच अतिवेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय आली आणि पुढच्या काही वर्षांत ती जवळपास सर्व कंपन्यांनी स्वीकारली. मेनूमधली ही सोय चार-पाच वेळा चालवावी. त्यानंतर ब्लोअर, म्हणजे रबरी फुगा. नवा ब्लोअर आधी हवेत दहा-पंधरा वेळा दाबून घ्यावा, कारण रबराच्या आतली पावडर पहिल्या काही फुंकरींबरोबर बाहेर येते. शेपटीकडून हवा आत घेणारी झडप असलेलाच ब्लोअर घ्यावा; ती नसलेला ब्लोअर नळीतून झटकलेली धूळ परत ओढतो आणि पुढच्या दाबाला तीच पुन्हा सेन्सरवर सोडतो. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून खालून वर फुंकर मारावी म्हणजे सुटलेला कण खाली पडतो. नळीचे टोक कॅमेऱ्याच्या माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या, कड्याबाहेर ठेवावे. ते आत शिरले आणि हात घसरला तर धुळीच्या डागापेक्षा मोठे दुखणे होते.

हे काम कुठे करावे, यालाही आपल्याकडे महत्त्व आहे. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पंखा आणि कूलर बंद करणे जिवावर येते, पण तेवढी दहा मिनिटे ते बंदच ठेवावे लागतात. घरातली सर्वांत कमी धुळीची जागा म्हणजे नुकतीच आंघोळ झालेली न्हाणी, कारण पाण्याच्या बाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसलेली असते. बाफ विरल्यावर तिथे काम करावे. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा बारीकसा तुषारही वाळून पक्का डाग होतो. संगणक साफ करायचा दाबाखालच्या हवेचा डबा तर मुळीच वापरू नये. त्यातला द्रव थंडगार फवाऱ्याच्या रूपात काचेवर बसतो. आपले पाच-सहा डाग यात्रेच्या कोरड्या धुळीचे आहेत आणि माझ्या अनुभवाप्रमाणे अशी धूळ ब्लोअरनेच जाते.

प्रश्न : चोपड्यात माझा लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. एक कॅमेरा फुल फ्रेम आणि एक त्याहून लहान सेन्सरचा आहे. ब्लोअरने काही डाग हलतच नाहीत. बाजारात द्रव आणि स्वॅब (दांडीच्या टोकाला कापड बसवलेली पट्टी), जेलची काडी, ब्रश असे तीन प्रकार मिळतात. यांतले नेमके काय घ्यावे? स्पिरिट आणि कापसाने काम भागेल का? (एक व्यावसायिक छायाचित्रकार, चोपडा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भागणार नाही. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी आणि इतर अंश असतात, ते वाळताना काचेवर पट्टे सोडतात. सॅनिटायझर आणि चष्मा पुसायचे द्रव यांचीही तीच गत. कापूस तंतू सोडतो. कापसावर खानदेशचे पोट चालते, तरी सेन्सरवर त्याला थारा देऊ नये.

उरलेल्या तिन्ही वस्तू वेगवेगळ्या घाणीसाठी आहेत आणि दुकानदार ते सांगत नाही. ब्रश कोरड्या, पण स्थिर विजेने चिकटलेल्या धुळीसाठी असतो. त्याचे केस आधी हवेच्या झोताने किंवा वेगाने फिरवून भारित करतात, म्हणजे ते कण ओढून घेतात. झाडूसारखे झाडणे हे त्याचे काम नव्हे. यात मी स्वतः हात पोळून घेतला आहे. पहिला ब्रश घेतला तेव्हा उत्साहाच्या भरात तो सेन्सरच्या कडेपलीकडे गेला आणि सेन्सरपुढच्या आरशाच्या खोक्यातल्या वंगणाला लागला. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा काचेवर डावीकडून उजवीकडे इंद्रधनुषी रंगाचा चकचकीत पट्टा ओढला गेला. एका कणाच्या जागी अर्धा सेन्सर माखला, आणि ते निस्तरायला चार स्वॅब लागले. केसांना बोट लावले तरी त्वचेचे तेल लागून हेच होते. ज्याच्या हाताला सवय नाही त्याने ब्रश घेऊच नये, असे माझे मत आहे.

जेलच्या काडीच्या टोकाला चिकट, मऊ ठोकळा असतो. तो काचेवर हलकेच टेकवून सरळ वर उचलायचा, मग सोबतच्या चिकट कागदावर टेकवून साफ करायचा आणि शेजारच्या जागेवर पुन्हा टेकवायचा. कुठेही घासायचे नाही. परागकणासारखा चिकटलेला पण तेलकट नसलेला कण तिने छान निघतो. तेलावर ती निकामी आहे. काही सेन्सरच्या लेपावर साध्या जेलचे ठसे राहतात, म्हणून आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी योग्य असल्याचा उल्लेख वेष्टनावर असेल तीच काडी घ्यावी.

तेल, वाळलेला थेंब, बोटाचा ठसा यांवर ओला स्वॅब हाच इलाज आहे. आपल्याकडे दोन कॅमेरे असल्याने स्वॅबही दोन मापांचे लागतील. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, त्याला २४ मिलिमीटर रुंदीचा स्वॅब लागतो. लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा असतो, त्याला १६ मिलिमीटरचा. स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीइतकी असल्यामुळे एका फेरीत पूर्ण काच पुसली जाते. मोठा स्वॅब लहान सेन्सरमध्ये अडकतो आणि लहान स्वॅब मोठ्या सेन्सरवर मधोमध रेघ सोडतो.

ओल्या साफसफाईच्या आधी ब्लोअर मारलाच पाहिजे. ही पायरी गाळणारे बरेच दिसतात आणि ओरखडे त्यांच्याच सेन्सरवर पडतात, कारण वाळूचा कण तसाच राहिला तर स्वॅब त्याला काचेवरून फरफटत नेतो. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. डीएसएलआरमध्ये, म्हणजे सेन्सरपुढे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, मेनूतला सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडला की आरसा वर जातो आणि शटर उघडे राहते. बॅटरी मध्येच संपली तर आरसा आणि शटर स्वॅबवर येऊन आदळतात. याच कारणासाठी बल्बवर, म्हणजे बटण दाबून धरले तोवरच शटर उघडे ठेवणाऱ्या सोयीवर, शटर उघडून साफसफाई करण्याचा जुना जुगाड करू नये. बटणावरचे बोट निसटले की संपले.

स्वॅबच्या धारेवर द्रवाचे दोनच थेंब टाकावेत आणि ते कापडात भिनेपर्यंत पाच-सात सेकंद थांबावे. स्वॅबमधून ओघळ येत असेल तर तो जास्त ओला आहे असे समजावे. ओघळ काचेच्या कडेखाली गेला तर बाहेर काढता येत नाही. स्वॅब एका टोकाला टेकवून, दांडी जाण्याच्या दिशेला थोडी कलती धरून, फाउंटन पेनने लिहिताना पडतो तेवढ्याच दाबाने एका दमात दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा. तिथे न उचलता दांडी विरुद्ध बाजूला कलवावी आणि दुसऱ्या, कोऱ्या धारेने परत यावे. एवढे झाले की तो स्वॅब कचऱ्यात टाकावा. ‘अजून स्वच्छ दिसतोय’ म्हणून तोच पुन्हा वापरण्याचा मोह लग्नसराईत विशेष होतो. त्या धारेवर पहिल्या फेरीत गोळा झालेले कण असतात. चाचणीचा फोटो पुन्हा काढावा आणि डाग उरला असेल तर नवा स्वॅब घ्यावा. कडेला हलका पट्टा राहिला तर बहुतेक वेळा द्रव जास्त झालेला असतो.

सेन्सरसाठी मिळणाऱ्या काही द्रवांत मिथेनॉल असते. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्यामुळे ते स्टुडिओत पिण्याच्या पाण्याच्या बाटलीशेजारी किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नये आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

तेव्हा खरेदीचे म्हणाल तर चांगला ब्लोअर, दोन मापांचे स्वॅब आणि द्रवाची लहान बाटली. उजेड असलेले भिंग परवडले तर घ्यावे, कारण काचेवर उरलेला कण तिरप्या उजेडात चटकन दिसतो. बाकीचे पैसे शिल्लक ठेवावेत.

प्रश्न : मी धुळ्यात शिकते. मी नुकताच मिररलेस कॅमेरा घेतला. लेन्स काढताच सेन्सर उघडाच दिसतो आणि बंद कॅमेरा हलवला तर आतून खडखडल्यासारखा आवाज येतो. काही फोटोंत काळी कडा आणि मध्ये फिकट असे बारीक गोल ठिपके आहेत. कॅमेरा सदोष तर नाही? (एक विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : सेन्सर उघडा दिसणे हा दोष नाही. डीएसएलआरमध्ये पुढे आरसा आणि शटरचा पडदा असतो, मिररलेसमध्ये आरसा नसतो आणि बहुतेक मॉडेलमध्ये शटर उघडेच असते. कॅननने २०१८ साली आलेल्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केल्यावर पडदा मिटण्याची सोय केली. आपल्या कॅमेऱ्यात ती असेल तर मिटलेल्या पडद्याला बोट किंवा ब्लोअरचे टोक लागू देऊ नये. तो अत्यंत पातळ असतो आणि काचेपेक्षा लवकर खराब होतो.

आवाजाचेही भय नको. बॉडीत स्थिरीकरण, म्हणजे हाताचा कंप सावरण्याची सोय, असलेल्या कॅमेऱ्यात सेन्सर चुंबकांच्या आधारे तरंगता ठेवलेला असतो, आणि कॅमेरा बंद असताना तो थोडा सैल राहतो. साफ करताना मात्र हीच गोष्ट अडचणीची ठरते, कारण दाब दिला की सेन्सर सरकतो. म्हणून माहितीपुस्तिकेत साफसफाईचा जो पर्याय सांगितला असेल तोच वापरावा आणि हात आणखी हलका ठेवावा.

काळी कडा आणि मध्ये फिकट हे वर्णन तेलाच्या थेंबाचे आहे. नव्या कॅमेऱ्यात शटरच्या हालचालीबरोबर वंगणाचे सूक्ष्म तुषार काचेवर उडू शकतात, आणि काही हजार फोटोंनंतर हे प्रमाण सहसा कमी होते. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० बाबत अशा डागांची तक्रार बरीच गाजली आणि अखेर २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या ग्राहकांनाही तपासणी, साफसफाई आणि शटर बदलण्याची सेवा मोफत देऊ केली. आपला कॅमेरा वॉरंटीत आहे, तेव्हा स्वतः स्वॅब लावण्याऐवजी चाचणीचे फोटो जोडून कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे पाठवावा. स्वतः केलेल्या साफसफाईत काही बिघडले तर वॉरंटीचा वाद उभा राहतो, आणि त्यात ग्राहकाची बाजू लंगडी पडते.

प्रश्न : वृत्तपत्रासाठी जळगाव परिसरातील जिनिंगमध्ये आणि कापूस खरेदी केंद्रांवर मला हिवाळाभर जावे लागते. फोटोत वळवळत्या केसासारख्या रेघा येतात. रोज साफ करणे शक्य नाही. (एक वृत्तछायाचित्रकार, जळगाव)

उत्तर : ते कापसाचे तंतू आहेत. ते दिसायला भयानक, पण काढायला सोपे असतात, कारण लांब असल्याने हवेच्या झोतात लगेच सापडतात. दोन-चार फुंकरींत न निघालेला तंतू एका टोकाने चिकटलेला असतो. त्याला जेलची काडी पुरते.

खरा उपाय तिथे लेन्स न बदलणे हाच आहे. एक झूम लेन्स बाहेरच लावून आत जावे. बदलणे भागच असेल तर गाडीत बसून, काचा वर करून आणि एसी बंद ठेवून बदलावी. कॅमेरा आधी बंद करावा, त्याचे तोंड खाली धरावे आणि दुसऱ्या लेन्सचे मागचे झाकण आधीच सैल करून ठेवावे, म्हणजे सेन्सर उघडा राहण्याचा वेळ तीन-चार सेकंदांवर येतो. बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते या मागच्या झाकणाकडे आणि बॉडीच्या झाकणाकडे. ती खिशात टाकली जातात, खिशातली धूळ त्यांत भरते आणि झाकण लावताच ती आत पोहोचते. तीन वेळा सेन्सर साफ करूनही धूळ परतते अशी तक्रार घेऊन एक जण आले होते. मी त्यांच्या बॅगेतले झाकण टेबलावर उलटे आपटले, तर करड्या धुळीची चांगली चिमूटभर रास पडली. झाकणे पाण्याने धुवून पूर्ण वाळवावीत, बॅगही महिन्यातून एकदा झटकावी आणि लेन्सच्या मागच्या काचेवर बसवण्यापूर्वी एक फुंकर मारावी.

प्रश्न : नंदुरबारहून लिहीत आहे. डीएसएलआरच्या खिडकीतून पाहताना मधोमध काळा कण दिसतो, पण फोटोत तो येत नाही. स्वॅबने निघेल का? (एक वाचक)

उत्तर : तो कण सेन्सरवर नसून आरशाच्या वरच्या फोकसिंग स्क्रीनवर आहे, म्हणून फोटोत येत नाही. ही स्क्रीन मऊ प्लास्टिकची असते आणि तिच्यावर पुसल्याची खूण कायमची राहते, त्यामुळे स्वॅब लावू नये. आरशालाही हात लावू नये, त्याचा चकाकता लेप वरच्याच पृष्ठभागावर असतो. कॅमेऱ्याचे तोंड खाली करून ब्लोअर मारून पाहावा. तेवढ्याने गेला नाही तर राहू द्यावा.

प्रश्न : मी अमळनेरचा, सत्तरीचा हौशी छायाचित्रकार आहे. हात थोडा कापतो. या उपद्व्यापात न पडता संगणकावरच डाग काढले तर चालतील का? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : अवश्य चालतील. आकाशातला डाग कोणत्याही फोटो सुधारण्याच्या प्रणालीत क्षणात निघतो, आणि एका फोटोवर केलेली दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर एकदम लावता येते, कारण डागाची जागा बदलत नाही. त्रास होतो तो डाग घोड्याच्या आयाळीवर किंवा पैठणीच्या पदरावर आला तर. तिथे पोत जुळवावा लागतो. आपण ब्लोअर मात्र जरूर वापरावा, त्याला स्थिर हात लागत नाही. कॅमेरा तोंड खाली करून तिपाईवर बसवला की दोन्ही हात ब्लोअरसाठी मोकळे राहतात. स्वॅबचे काम निघालेच तर ते वर्षातून एकदा, यात्रा आणि लग्नसराई संपल्यावर, सेवा केंद्राकडून करून घ्यावे.